संगणकाचा सातबारा

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि घर झाडायला काढले, की माळ्यावरून काय काय खाली उतरेल ह्याचा नेम नसतो. पूर्वी तांब्यापितळेची भांडी उतरत, फुटक्या काचेचा कंदील उतरे, कुणाच्या तरी मुंजीतला पिवळा पडलेला फोटो उतरे. हल्ली त्यांच्या जोडीला एक बंद पडलेला संगणक उतरतो. टाकावा, तर आत थोरलीच्या बारशाचे फोटो आहेत. ठेवावा, तर जागा अडते. मग घरातला एखादा हुशार भाचा त्याची डिस्क बाहेर काढतो आणि एका छोट्या डबीत बसवून नव्या लॅपटॉपला जोडतो. आजीपासून नातवापर्यंत सारी मंडळी कोंडाळे करून बसतात. आता बारसे दिसणार! आणि पडद्यावर इंग्रजीत एक चौकट उमटते. तिचा मराठी अर्थ असा, की ह्या फोल्डरमध्ये जाण्याची आपल्याला सध्या परवानगी नाही.

फोटो आपले, डिस्क आपली, घर आपले. आणि परवानगी नाही!

ह्या चौकटीपुढे बहुतेक घरांत दोनच गोष्टी घडतात. एक तर डिस्क पुन्हा माळ्यावर जाते, नाही तर ती दुकानात जाते आणि तिथला पोरगा छातीठोकपणे सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्क कोरी करणे. दार उघडत नाही म्हणून घरच पाडण्यातला हा प्रकार. वास्तविक तिथे दार मोडायचे नसते. एका जुन्या नोंदीत फेरफार करावयाचा असतो, आणि तो घरबसल्या करता येतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 ला मोफत आधार देणे थांबवले. त्यामुळे जुनी यंत्रे जाऊन नवी येण्याचे प्रमाण वाढले आहे, आणि ह्या चौकटीचे दर्शनही.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रशास्त्राशी माझा संबंध वर्गातला पंखा बंद पडला तर कुणाला हाक मारावी एवढाच असायचा. परंतु माझी आजवरची नोकरी शहापूर आणि मुरबाड ह्या तालुक्यांत झाली, आणि ह्या भागात मराठीच्या मास्तराकडे लोक कशासाठीही येतात. पूर्वी अर्ज लिहून घ्यायला येत. आता संगणक घेऊन येतात. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. विंडोजमधली ही मालकीहक्काची भानगड मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित माणसापेक्षा मुरबाडच्या शेतकऱ्याला लवकर समजते. कारण उघड आहे. जमीन एकाची, कसणारा दुसरा, नाव तिसऱ्याचे, हा अनुभव त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. 1948 चा कूळ कायदा आणि त्यातला 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ह्यांच्यामुळे कसणारे कूळ मालक मानले गेले खरे. पण कागदावरची नोंद आणि बांधावरची वहिवाट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षण इथे शाळेत जाण्यापूर्वीच मिळते. शहापूरकराला तर आणखी एक उदाहरण रोज दिसते. 1892 सालापासून तानसा तलावाचे पाणी मुंबईला जाते. पुढे भातसाही त्याला मिळाली. पाणी तालुक्यातले, धरण तालुक्यातले, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत. वस्तू आपल्या दारात असून तिच्यावर हात ठेवता येत नाही, हा अनुभव इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

नाव नव्हे, नंबर

तर संगणकाचा सातबारा वाचायला आधी शिकू या. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये हक्कांची नोंद, बारामध्ये पिकांची. नमुना सातवर भोगवटादाराचे नाव असते, त्याचा खाते क्रमांक असतो आणि बाजूला 'इतर अधिकार' नावाचा रकाना असतो. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा हे सारे त्या रकान्यात.

विंडोज आपल्या डिस्कवर ज्या पद्धतीने फाइली मांडते तिला 'एनटीएफएस' म्हणतात. 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर ती आली. ह्या पद्धतीत प्रत्येक फाइलीला आणि प्रत्येक फोल्डरला स्वतःचा सातबारा असतो. त्यावर एक मालक असतो, आणि मालकाच्या खाली कुणाला काय करता येईल ह्याची यादी असते. अमक्याला वाचता येईल, तमक्याला लिहिता येईल, ह्याला पुसून टाकता येईल, त्याला काहीच करता येणार नाही. विंडोज 95 आणि 98 मध्ये हा प्रकार नव्हता. जो खुर्चीवर बसला तो मालक. घरगुती संगणकांवर ही व्यवस्था खऱ्या अर्थाने 2001 च्या विंडोज एक्सपीपासून आली, आणि तेव्हापासून आपल्या घरातही तंटे सुरू झाले.

आता मुख्य मेख पाहा. विंडोजला माणसाचे नाव कळत नाही. पडद्यावर 'सुनंदा' किंवा 'प्रकाश' असे दिसते ते आपल्या समाधानासाठी. आतल्या दप्तरात नोंद असते ती एका लांबलचक नंबराची. त्याची सुरुवात एस-1-5-21 अशी होते, पुढे त्या विशिष्ट यंत्राची ओळख सांगणारे तीन मोठे आकडे येतात, आणि शेवटी खातेदाराचा क्रमांक. यंत्राबरोबर येणाऱ्या मूळ ॲडमिनिस्ट्रेटरचा क्रमांक 500, आणि आपण उघडलेल्या खात्यांचे 1000 च्या पुढे. जुन्या यंत्रावर 'प्रकाश' होता, नव्या यंत्रावरही 'प्रकाश' नावाचेच खाते उघडले, पासवर्डही तोच ठेवला. तरी विंडोजच्या लेखी हे दोन परके गृहस्थ. एकाच गावात एकाच नावाचे दोन खातेदार असले म्हणून तलाठी एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे लावीत नाही, तसेच हे. एकाच यंत्रावर खाते पुसून पुन्हा त्याच नावाने उघडले तरी नवा नंबर मिळतो. जुन्या फाइली जुन्या नंबराच्या नावे राहतात.

मालक आणि हक्कदार ह्यांतला फरकही इथेच समजून घ्यावा, कारण गोंधळ सारा तिथे होतो. मालक असलेल्यालाही फाइल वाचण्याचा हक्क असेलच असे नाही! यादीत त्याचे नाव नसेल तर त्यालाही दार बंद. मात्र यादी बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. म्हणून दुरुस्ती नेहमी दोन टप्प्यांत होते: आधी मालकी आपल्या नावे लावून घ्यायची, मग मालक म्हणून स्वतःला हक्क द्यायचे. पुष्कळ लोक पहिला टप्पा करून थांबतात आणि 'मालक झालो तरी उघडत नाही' म्हणून कपाळावर हात मारतात.

गुरुजींच्या ओव्या

हे कोरडे वाटत असेल तर एक घडलेली हकीकत सांगतो. माळशेज घाटाच्या रस्त्यावरील एका गावी एक प्राथमिक शिक्षक होते. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. निवृत्तीनंतर त्यांनी एक संगणक घेतला आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या जितक्या ओव्या येत होत्या तितक्या लिहून घ्यायला सुरुवात केली. गावात गिरणी येऊन जमाना झाला होता. जाती पायरीला लागली होती. ओव्या उरल्या होत्या त्या चार-पाच जणींच्या तोंडी. गुरुजी दुपारी त्यांच्या ओटीवर जाऊन बसत, वहीत उतरवून घेत आणि रात्री एका बोटाने टाइप करीत. असे कित्येक वर्षे चालले. वह्यांना पुढे एका पावसाळ्यात वाळवी लागली. मग त्या बायका एकेक करून गेल्या, आणि त्यांच्यामागून गुरुजीही गेले. एका वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि गुरुजींचा संगणक बसला तो कायमचा.

त्यांचा मुलगा भिवंडीच्या एका गोदामात नोकरीला. तो यंत्र गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर घालून माझ्याकडे आला. दुकानात नेऊन झाले होते. फॉरमॅटचा सल्लाही मिळाला होता. "सर," तो म्हणाला, "नाना जायच्या आधी सारखे म्हणायचे, त्या ओव्या तुमच्या कॉलेजात दे. पासवर्ड विचारायचा राहिला."

टोकावड्याच्या बाजूने येणारा आमचा एक विद्यार्थी ह्या कामात तयार आहे. त्याला बोलावले. त्याने पहिलीच गोष्ट सांगितली ती ही, की पासवर्डची गरज नाही. पासवर्ड जुन्या विंडोजच्या दारावरचा; जुनी विंडोज सुरूच करावयाची नसून तिची डिस्क फक्त दुसऱ्या यंत्राला जोडावयाची आहे. नव्या यंत्राचा जो ॲडमिनिस्ट्रेटर, त्याला त्या यंत्रात आलेल्या कोणत्याही डिस्कवरच्या फाइलीची मालकी घेण्याचा खास अधिकार असतो. दुसरी गोष्ट त्याने केली ती म्हणजे डिस्कला कान लावला. टकटक, खरखर असा आवाज येत असेल तर पुढे जायचे नाही. मरणाऱ्या डिस्कवर फेरफार लिहीत बसणे घातक, ती जाणकाराकडेच न्यावी. सुदैवाने डिस्क शांत होती.

गुरुजींच्या खात्याचा मुख्य फोल्डर उघडताना चौकट आली. तिच्यात 'कंटिन्यू' असे बटण असते. ते दाबले, दोन-तीन मिनिटे थांबलो आणि फोल्डर उघडला. हा सोपा प्रकार. ॲडमिनिस्ट्रेटर मंडळींचा गट प्रत्येक यंत्रावर एकाच नंबराने ओळखला जातो, म्हणून जुन्या यादीत तो गट असेल तर नवा ॲडमिनिस्ट्रेटर त्या जोरावर स्वतःचे नाव यादीत घालून घेऊ शकतो. फाइली पुष्कळ असतील तर हे काम वेळ खाते. मध्येच कंटाळून बंद करू नये, नाही तर अर्ध्या फाइली इकडे आणि अर्ध्या तिकडे.

आत 'ओव्या' नावाचा फोल्डर दिसला. मुलाचा चेहरा फुलला. त्यावर दाबले, आणि पुन्हा नकार. ह्या खेपेस 'कंटिन्यू'नेही काम होईना. नातवंडांनी हात लावू नये म्हणून गुरुजींनी कुणाकडून तरी त्या फोल्डरची यादी साफ करून घेतली होती आणि फक्त स्वतःचे नाव ठेवले होते. आता मात्र रीतसर फेरफार घालणे आले.

तो असा घालतात. फोल्डरवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे, तिथे 'सिक्युरिटी' ह्या पानावर जाऊन 'ॲडव्हान्स्ड' दाबावे. वरच्या ओळीत 'ओनर' म्हणजे मालक दिसतो. गुरुजींच्या फोल्डरवर तिथे 'सध्याचा मालक दाखवता येत नाही' अशा अर्थाचा मजकूर होता. त्याच्या शेजारी 'चेंज' असे शब्द असतात. ते दाबून आपल्या खात्याचे नाव लिहावे आणि 'चेक नेम्स' दाबावे; नाव बरोबर असेल तर त्याच्याखाली रेघ येते. मग मालकाच्या ओळीखाली एक चौकोन उमटतो: आतल्या सर्व फोल्डरांचा व फाइलींचा मालकही बदलावा का? त्यावर खूण करावी. ती विसरली की घर आपल्या नावे होते आणि खोल्या जुन्याच मालकाकडे राहतात. 'अप्लाय' केल्यावर संगणक विचारतो, की आपल्याला आत वाचण्याचे हक्क नाहीत, ते पूर्ण हक्कांनी बदलू का? 'येस' म्हणावे. सगळ्या चौकटी बंद करून पुन्हा उघडाव्यात. यादीत आपले नाव 'फुल कंट्रोल'सह आले नसेल तर 'ॲड' दाबून घालावे आणि खालच्या चौकोनावर खूण करून ते हक्क आतल्या सर्व फाइलींना लावावेत.

हे सारे करताना यादीत एक ओळ दिसत होती. 'अकाउंट अननोन', म्हणजे अज्ञात खाते, आणि पुढे तो लांबलचक नंबर. मुलाने विचारले, "हा कोण?" विद्यार्थी म्हणाला, "हे तुमचे वडील. ह्या यंत्राला ते ओळखू येत नाहीत, म्हणून नुसता नंबर दाखवतेय. काढून टाकू का ओळ? आता उपयोग नाय तिचा." मुलगा थोडा वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. "ऱ्हाऊ दे," म्हणाला.

फोल्डर उघडला. पहिली फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी! गुरुजींनी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केले होते. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वीच्या ह्या फॉन्टांत 'क' हे अक्षर संगणकाच्या दृष्टीने कुठले तरी रोमन अक्षरच असते; फॉन्ट नसेल तर ते उघडे पडते. हा प्रश्न हक्काचा नसल्यामुळे मालकीच्या रकान्यात कितीही खोदले तरी सुटणारा नव्हता. पण तो फॉन्ट त्याच डिस्कवर, जुन्या विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरात होता. त्या फोल्डरात वाचण्याची मुभा सर्व साध्या खातेदारांना असते, आणि त्या गटाचाही नंबर सगळ्या यंत्रांवर एकच. म्हणून तिथे कुणाची परवानगी काढावी लागली नाही. फॉन्ट बसवला आणि खिचडीच्या ओळी झाल्या. जात्यावर बसलेल्या बायका आपापल्या भावांना, सासुरवाशीण लेकींना, म्हाळुंग्याच्या बाजारातल्या बांगड्यांना हाका मारू लागल्या. मुलाने ओळखले, "ही आमची आजी सांगायची." त्या दिवशी दुपारचा माझा तास झाला नाही.

देवस्थानची जमीन

ह्या कामात एकदा यश आले, की माणसाला चव लागते आणि तो दिसेल त्याची मालकी घेत सुटतो. इथे सावध राहावे. परिचयातल्या एका गृहस्थांना एक फाइल पुसता येईना. त्यांनी रागाने सबंध 'सी' ड्राइव्हचीच मालकी स्वतःकडे घेतली आणि वर 'सर्वांना पूर्ण हक्क' असे लावून टाकले. दुसऱ्या दिवशी स्टार्टचे बटण काम करीना, काही कार्यक्रम उघडेनात, आणि अखेर विंडोज नव्याने बसवावी लागली.

देवस्थान इनामाची जमीन आपल्याकडे ठाऊक आहे. पुजारी ती सांभाळतो, प्रसंगी कसतो. पण कागदावर मालक देव. पुजाऱ्याला ती विकता येत नाही. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची व्यवस्था अशीच आहे. 2007 च्या व्हिस्टापासून त्यांची मालकी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' नावाच्या एका सेवेकडे दिलेली आहे. घरातला ॲडमिनिस्ट्रेटरसुद्धा तिथे नुसता पुजारी. हे आपल्याला छळण्यासाठी केलेले नाही. ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावावर शिरलेल्या एखाद्या दुष्ट कार्यक्रमाला मुळावर घाव घालता येऊ नये म्हणून केलेले आहे. सबब 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' ह्या फोल्डरांना हात लावू नये. क्वचित एखाद्या फाइलीसाठी मालकी घ्यावीच लागली तर काम होताच ती परत करावी. मालकाच्या जागी 'एनटी सर्व्हिस', मग उलटी तिरपी रेघ आणि 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' असे इंग्रजीत लिहिले की ती पुन्हा देवाच्या नावे होते.

ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची हौस आहे त्यांच्यासाठी दोन आज्ञा आहेत. 'टेकओन' मालकी घेते आणि 'आयकॅकल्स' हक्कांची यादी दुरुस्त करते. दुसरीचा एक गुण फार थोड्यांना ठाऊक असतो. 'सेव्ह' हा शब्द जोडला तर ती आहे ती हक्कांची यादी एका फाइलीत उतरवून ठेवते, आणि पुढे 'रिस्टोअर'ने जशीच्या तशी परत लावते. फेरफारापूर्वी जुन्या उताऱ्याची नक्कल काढून ठेवण्याची सवय असलेल्यांना ही पद्धत पटेल. आणि मूळ दप्तराला हातच लावायचा नसेल, फक्त नक्कल हवी असेल, तर 'रोबोकॉपी' नावाची तिसरी आज्ञा आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ती चालवली आणि तिरप्या रेघेपुढे 'बी' हे अक्षर जोडले, की ती राखीव प्रत काढणाऱ्याचा अधिकार वापरते व यादीत नाव नसतानाही फाइली वाचून दुसरीकडे उतरवते. मूळ फोल्डरचा मालकही तोच राहतो आणि यादीही तीच. जुन्या डिस्कवरून फोटो काढण्याचा मला तरी हाच मार्ग अधिक सभ्य वाटतो.

वारसाहक्काबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण विंडोज शब्दही तोच वापरते: 'इन्हेरिटन्स'. वरच्या फोल्डरचे हक्क आतल्या फाइलींना आपोआप लागतात. घरात वा कचेरीत वारंवार होणारा एक घोटाळा ह्यातूनच निघतो. एका कारकुनाने निकालाची फाइल स्वतःच्या खासगी फोल्डरात तयार केली आणि मग कापून सर्वांच्या फोल्डरात चिकटवली. बाकीच्यांना ती उघडेना. कारण असे, की त्याच ड्राइव्हवर फाइल हलवली तर ती माहेरचे हक्क बरोबर घेऊन येते. नक्कल केली तर मात्र नक्कल सासरचे, म्हणजे नव्या फोल्डरचे हक्क स्वीकारते. कापण्याऐवजी नक्कल केली असती तर तंटाच उद्भवला नसता. झालेला मिटवायचा तर 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'इनेबल इन्हेरिटन्स' हे बटण दाबावे. आणि यादीत 'डिनाय', म्हणजे स्पष्ट नकार, अशी ओळ कुणी घालून ठेवली असेल तर तीही पाहावी. त्याच पातळीवर एकाने 'हो' आणि दुसऱ्याने 'नाही' म्हटले तर विंडोज 'नाही'चेच ऐकते.

काही नकार मात्र नुसते सोंग असते. फाइल दुसऱ्या कार्यक्रमात उघडी असली तरी ती पुसता येत नाही. तिथे तो कार्यक्रम बंद करणे एवढाच उपाय. विंडोज 10 मध्ये 2017 साली आलेली एक राखण आहे, 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची. ती चालू असेल तर अनोळखी कार्यक्रमाला आपल्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहूच देत नाही, मग यादीत काहीही असो.

पेन ड्राइव्हचे काय, असे कुणी विचारील. बहुतेक पेन ड्राइव्ह ज्या पद्धतीने मांडलेले असतात तिला सातबाराच नाही. ते गायरान. ज्याची गुरे आली त्याची चरली. म्हणून मुलीच्या लग्नाचे फोटो नातेवाइकांना पेन ड्राइव्हवर दिले तर कुणाला अडचण येत नाही. आणि त्याच कारणाने बँकेची कागदपत्रे त्यावर ठेवू नयेत.

कुलूप वेगळे

चतुर वाचकाच्या मनात एव्हाना एक शंका आली असेल. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की कुणीही ॲडमिनिस्ट्रेटर मालक होऊ शकतो, तर ह्या साऱ्या हक्कांचा उपयोग काय? शंका रास्त आहे. हे हक्क म्हणजे एकाच छपराखाली राहणाऱ्यांसाठी घातलेले बांध. चालू यंत्रात धाकट्याने थोरल्याचे पुसू नये, एवढे ते पाहतात. डिस्क हातात घेऊन जाणाऱ्या चोरापुढे त्यांचे काही चालत नाही. जुना संगणक भंगारवाल्याला देताना हे लक्षात असावे. पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

चोरापुढे चालते ते सांकेतिक लिपीचे कुलूप. ह्यात फाइलीतला मजकूरच बदलून ठेवलेला असतो. किल्ली असेल तरच तो पुन्हा वाचता येतो. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत एकेका फाइलीला असे कुलूप घालण्याची सोय आहे. अशा फाइलीची मालकी घेतली तरी नाव दिसते, मजकूर उघडत नाही, कारण किल्ली जुन्या खात्याबरोबर गेलेली असते. गुरुजींनी हा प्रकार केला नव्हता. केला असता, आणि किल्लीची प्रत कुठे ठेवली नसती, तर त्या ओव्या कायमच्या गेल्या असत्या. आमच्या विद्यार्थ्याची सारी करामत तिथे फोल ठरली असती.

दुसरे कुलूप सबंध डिस्कला लागते. त्याचे नाव 'बिटलॉकर', आणि घरगुती आवृत्तीत त्याचेच धाकटे रूप 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणून येते. मौज अशी की पुष्कळ नव्या लॅपटॉपांवर ते मालकाला नकळत चालू झालेले असते. विंडोज 11 च्या 2024 मधील आवृत्तीपासून तर नवे यंत्र मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केले की बहुधा ते आपोआप लागते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. पुढे दहा वर्षांनी हे यंत्र माळ्यावरून खाली येईल, भाचा त्याची डिस्क काढून जोडील, तेव्हा त्याला परवानगी नाकारणारी चौकट दिसणारच नाही. त्याला 48 आकडी किल्ली मागितली जाईल. मालकी घेण्याची वरील सारी पद्धत तिथे निरुपयोगी आहे, आणि किल्ली नसेल तर मायक्रोसॉफ्टलाही ते उघडून देता येत नाही.

म्हणून आपल्या यंत्रावर हे कुलूप आहे की नाही ते आजच सेटिंग्जमध्ये पाहून घ्यावे. असेल तर किल्लीचे आकडे आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवावेत. आमच्याकडे घरोघरी सातबारे, खरेदीखते आणि वारसनोंदीचे कागद ठेवण्याची एक पत्र्याची पेटी असते. त्या पेटीत हा कागद ठेवावा, आणि त्यावर कोणत्या यंत्राची किल्ली तेही लिहावे. आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे. बरोबर उतरले की नाही ते तपासण्याची एक सोय त्या आकड्यांतच करून ठेवली आहे: प्रत्येक गटाला 11 ने निःशेष भाग गेला पाहिजे. जात नसेल तर त्या गटात काहीतरी चुकले. दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासाला हात न लावणाऱ्या घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला हे आठ भागाकार द्यायला हरकत नाही.